ताल मोडणारी शाळा

काळेखोऱ्याच्या चैत्रातल्या जत्रेला कधी गेलात, तर दुपार कलल्यावर देवळाकडे न जाता मुलींच्या शाळेच्या पटांगणाकडे जा. गर्दी तिथेच असते. शाळेच्या मुली लेझीम खेळत असतात. हलगी कडाडत असते, खेळ अंगात आलेला असतो, पाहुण्यांचे पाय आपोआप ठेका धरू लागतात. आणि ऐन रंगात शाळेच्या मागून एक बारकी लेझीम बेताल वाजू लागते. त्याबरोबर सगळे थांबते. हलगीवाला हात आवरतो, पाळणेवाला पाळणा धरून ठेवतो, रसवंतीची घुंगरेसुद्धा गप्प होतात. मग मुली ओळी मोडून शाळेमागच्या बारवेकडे, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीकडे, धावत सुटतात.

नवख्या माणसाला वाटते, पोरी चुकल्या. तालुक्याहून आलेले एक साहेब एकदा असेच हसले म्हणे. "तालीम कमी पडली वाटतं," असे शेजारणीला म्हणाले. ती शेजारीण गावातली म्हातारी होती. तिने साहेबांना हाताला धरून बारवेच्या कठड्यावर बसवले आणि ही गोष्ट सांगितली. जाताना साहेब चहालाही थांबले नाहीत. गावातल्या म्हाताऱ्या ही गोष्ट सगळ्याच पाहुण्यांना सांगतात, आणि सांगताना बारवेकडे पाठ करून बसतात.

असे सांगतात की त्या काळी काळेखोऱ्यात मुलीला शाळेत घालणे म्हणजे शेळीला पालखीत बसवण्यासारखे होते. लोक हसत, आणि हसणे परवडले, पण पाटी हातात घेतलेल्या पोरीला सोयरीक कुठून यायची, या काळजीने आयांची झोप उडे. अशा गावात मथुराबाई शाळा काढायला आल्या. वाईकडच्या होत्या. लहानपणीच कपाळ पांढरे झालेले, माहेरच्यांनी शिकवून बाई केलेले. बरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि स्वभाव असा की प्रेमळ म्हणावा तर शिस्तीला कडक आणि कडक म्हणावा तर पोरींच्या डोक्यातल्या उवा स्वतः काढत बसणारा.

गावच्या पंचांनी बाईंना सरळ नाही म्हटले नाही. सरळ नाही म्हणणे हे काळेखोऱ्याच्या रक्तातच नाही. ते म्हणाले, वर्षभर चालवून बघा, आणि चैत्राच्या जत्रेत पोरी काय शिकल्या ते गावाला दाखवा. पटले तर शाळा राहील. नाही पटले तर बाईंनी आपली ट्रंक उचलावी.

बाईंनी पुष्कळ विचार केला. पाढे ऐकायला जत्रेत कोण थांबणार? कवितेला तर कुस्त्यांच्या फडातून कुणी मान वळवून बघितले नसते. शाळेत दुपारच्या पुढे बाई मुलींना गाणे शिकवीत, टाके घालायला शिकवीत, पटांगणाच्या कडेला भाजीचे वाफे करून घेत. पण यातले काही चावडीसमोर मांडण्याजोगे नव्हते. गावाला वेड होते ते लेझमीचे. लेझीम मात्र खेळत ती बाप्येमाणसे. बाईंनी ठरवले, आपल्या मुली लेझीम खेळतील, आणि अशी खेळतील की गावाचे तोंड उघडे राहील.

आधी आरडाओरडा झाला. मग सुताराने लाकडाचे दांडे तासून दिले, लोहाराने साखळ्या आणि चकत्या ओवून दिल्या. एका म्हाताऱ्या हलगीवाल्याने घरी बसून कंटाळलो म्हणून रोज येतो असे सांगितले. आया भांडी घासायचे निमित्त काढून शाळेलगतच्या ओढ्याकाठी यायच्या आणि कुंपणाआडून बघायच्या. कधी नव्हे ते त्यांना आपल्या पोरींचे कौतुक वाटू लागले होते, पण घरी बोलायची सोय नव्हती.

बाईंचा एकच नियम होता. काहीही झाले तरी ताल मोडायचा नाही. पायात काटा गेला, वेणीची गाठ सुटली, कुंपणावरून कुणी टवाळाने शीळ घातली, तरी मोडायचा नाही. दुसरा नियम असा की लेझीम जमिनीवर टाकायची नाही. तिला पाय लागता कामा नये. बसताना मांडीवर घ्यायची, नाहीतर खुंटीला अडकवायची.

सगळ्यांत लहान होती हौसा. तान्हुबाईची मुलगी. तान्हुबाई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाई, आणि नवरा नको म्हणत असताना तिने या एकुलत्या एका पोरीला शाळेत घातले होते. हौसाच्या हाताला मोठी लेझीम पेलेना, म्हणून सुताराने उरलेल्या तुकड्यातून तिला एक बारकी लेझीम करून दिली. पोर ती उशाला घेऊन झोपायची म्हणे. पण ताल म्हणून काही तिच्या अंगी नव्हता. सगळ्या वाकल्या की ही उठलेली, सगळ्यांचा चौथा आवाज झाला की हिचा पाचवा. बाईंनी हात धरून शिकवले, मांडीवर घेऊन शिकवले, पण पालथ्या घड्यावर पाणी. पोरी हसायच्या आणि त्यांच्याबरोबर हौसाही हसायची. आपण चुकतो याचे तिला वाईट वाटत नसे. खेळायला मिळते, हेच तिला पुष्कळ होते.

जत्रा तोंडावर आली, तशी बाईंची झोप गेली. पंच बघणार, सगळे खोरे बघणार, आणि एका पोरीचा एक चुकार आवाज सगळ्यावर पाणी फिरवणार. त्यांनी हौसाला जवळ घेतले.

"हौसा, तू सगळ्यांना पाणी देत जा. खेळून खेळून मुलींचे घसे सुकतात. हे मोठं काम आहे, आणि ते तुलाच जमेल."

हौसाने मान हलवली. मग थोडी घुटमळली.

"बाई, पानी आनाया जाताना लेजीम घिऊन जाऊ का? जाता येता शिकंन."

बाईंना हसू आले. "ने. पण पायऱ्यांवर जपून."

तेव्हापासून रोज हौसा कळशी काखेला आणि लेझीम परकराच्या नाडीत खोचून बारवेवर जाई. पाणी भरायच्या आधी आणि भरल्यावर पायरीवर उभी राहून लेझीम वाजवी. इकडे पटांगणावर सगळ्यांचा आवाज एक होऊन उठे आणि तिकडून हौसाचा सुटा आवाज त्याच्या मागेमागे येई. बाईंना त्याची सवय झाली होती. खरे म्हणजे तो आवाज त्यांना आवडू लागला होता.

आणि मग जत्रेआधीच्या तालमीचा तो दिवस आला. त्या दिवशी पोरींना खरा ताल सापडला होता. हलगीवाला म्हातारा डोळे मिटून वाजवत होता, धुरळा उडत होता, आणि वर्षभर रात्रंदिवस ज्याचा ध्यास घेतला ते बाईंना समोर घडताना दिसत होते. शाळा राहणार, हे त्यांना त्या क्षणी कळून चुकले. मागून हौसाची लेझीम ऐकू येत होती. रोजच्यासारखीच बेताल, फक्त जरा जास्त घाईची.

पुढच्या ओळीत कृष्णी नावाची मुलगी होती. कानाची तिखट. खेळता खेळता ती थांबली. तिच्या मागची तिच्यावर आपटली आणि ओळ विस्कटली.

"बाई," कृष्णी म्हणाली, "हौशी लई येळ वाजवतीया."

"वाजवू दे. तू तुझा ताल सांभाळ." बाईंचा आवाज चढला. "काहीही झालं तरी मोडायचा नाही, किती वेळा सांगितलं तुला?"

कृष्णीने मान खाली घातली आणि पुन्हा ताल धरला. हलगी परत चढली. बाईंचे कान त्यानंतर काही वेळ मागच्या आवाजाकडेच होते. तो आवाज सुटा येत राहिला, येत राहिला, आणि मग एकदम सगळ्यांच्या आवाजात मिसळून गेला. वेगळा ऐकू येईना. बाईंना केवढा आनंद झाला. सापडला वाटते पोरीला ताल, असे त्या मनाशी म्हणाल्या. उद्या तिला मागच्या ओळीत टोकाला उभी करू, असेही त्यांनी ठरवून टाकले.

खेळ संपला. पोरी धापा टाकत सावलीला बसल्या आणि पाणी मागू लागल्या. पाणी आले नव्हते.

बारवेत काय दिसले, ते म्हाताऱ्या थोडक्यात सांगतात. कळशी वरच्या पायरीवर भरलेली होती. खालच्या पायरीवरचे शेवाळ लांबपर्यंत खरवडून निघाले होते. भिंतीतून उंबराची एक मुळी पाण्यावर वाकली होती, आणि त्या मुळीला बारकी लेझीम अडकवलेली होती, खुंटीला अडकवतात तशी. पाणी शांत होते.

पोरीने एका हाताने मुळी धरली असणार आणि दुसऱ्या हाताने लेझीम वाजवली असणार. ओरडली तरी हलगीपुढे तिचा आवाज पोचला नसता. लेझमीचा पोचत होता, आणि तिला ते ठाऊक होते, कारण रोज पोचत होता. शेवटी हात भरून आला तेव्हाही तिने लेझीम पाण्यात जाऊ दिली नाही. बाईंनी शिकवले होते ना, खाली टाकायची नाही म्हणून. ती हळूच मुळीला लावून ठेवली. काही जण म्हणतात, असे होणार नाही, लेझीम आपसूक अडकली असेल. त्यांनी तसे म्हणावे. गावातल्या बायकांचा त्यावर विश्वास नाही.

त्या वर्षी जत्रेत लेझीम झाली नाही. पंच चावडीवर बसले आणि त्यांनी शाळा बंद असे सांगितले. कुणी भांडले नाही. बाईही भांडल्या नाहीत. त्यांनी ट्रंक भरली होती आणि त्या उंबऱ्यात बसून होत्या. वाईला जाणारी गाडी यायची होती, तेवढ्यात तान्हुबाई आली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, हातात ती बारकी लेझीम. ती बाईंसमोर जमिनीवर बसली.

बाईंना वाटले, ही आता शिव्या देईल, आणि शिव्या दिल्या तर बरे होईल. तान्हुबाईने लेझीम मांडीवर घेतली. तेव्हा बाई स्वतःच बोलल्या. जे पंचांना सांगितले नव्हते, कृष्णीलाही बोलू दिले नव्हते, ते त्यांनी तान्हुबाईला सांगितले.

"मी ऐकलं होतं, तान्हुबाई. तिची लेझीम मी ऐकली होती. मला वाटलं, ती शिकतेय. कृष्णी थांबली, तर मी तिच्यावर ओरडले. मी नुसतं वळून बघितलं असतं तरी..."

तान्हुबाई लेझमीच्या चकत्या बोटांनी एकेक करून फिरवत होती.

"लई येळ वाजवत हुती का?"

"हो."

"मंग?"

"मग आवाज वेगळा येईना. आमच्यात मिसळला असं मला वाटलं."

तान्हुबाईने वर पाहिले. "म्हंजी ताल घावला व्हता तिला?"

बाईंच्या सगळ्या आयुष्यात एवढा अवघड प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "घावला होता, की तिचा हात थांबला होता, ते मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. "मला कळलंच नाही हो."

तान्हुबाईने शेवटची चकती फिरवली. मग म्हणाली, "घावलाच आसंल," आणि तिथेच, बाईंच्या उंबऱ्यात, तिने गळा काढला. पोर गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती म्हणे. बाई तिला धरायला पुढे झाल्या आणि त्यांनाही आवरेना. गाडीवाला येऊन दारात उभा राहिला, दोघींकडे बघून परत गेला.

रडून झाल्यावर तान्हुबाईने डोळे पुसले, बाईंचा हात धरून त्यांना उठवले आणि तशीच चावडीवर घेऊन गेली. बायका चावडीवर चढत नसत. ती चढली.

"साळा बंद करायची न्हाई," ती म्हणाली.

एक पंच समजुतीच्या सुरात म्हणाले, "तान्हू, आगं तुझ्याच पोरीपायी आमी..."

"पोर माजी गेली. माज्या पोरीच्या नावानं दुसऱ्यांच्या पोरी घरी बसवू नगा. तिनं काय सांगाया लेजीम वाजीवली? माज्याकडं या म्हनून वाजीवली. आन तुमी सगळे आपापल्या वाटंला निघाला." तिने लेझीम पंचांपुढे धरली. "फुडल्या जत्रंला खेळ व्हनार. म्या बारवंत बसंन आन बेताल वाजवंन. माजा आवाज कानी आला की सगळ्यांनी ताल मोडायचा आन धावायचं. येवडंच मागनं हाय."

पंचांनी होकाराच्या माना हलवल्या. असे सांगतात की बाईंनी तिथेच चावडीच्या दगडाला हात लावून शपथ घेतली. माझ्या शाळेत कुणाही मुलीला ताल येत नाही म्हणून ओळीतून काढणार नाही, आणि थांबलेल्या मुलीवर ओरडणार नाही.

पुढच्या चैत्रात खेळ झाला. गाव लोटले होते. पोरी चांगल्या खेळल्या, पण त्यांचे लक्ष खेळात नव्हते. सगळ्यांचे कान बारवेकडे. आणि मग तो आवाज आला. बारका, सुटा, घाईचा. हौसा वाजवायची अगदी तसाच. तान्हुबाईने आयुष्यात लेझीम हातात धरली नव्हती, तिला तो तसा कसा जमला, हे कुणाला सांगता येत नाही. हलगीवाल्या म्हाताऱ्याच्या हातून टिपरू गळून पडले.

सगळ्यांच्या आधी कृष्णी धावली. तिच्या मागे बाई. काठावर पोचल्यावर बाईंनी खाली वाकून विचारले, "कोण गं? कोण हाक मारतंय?" गेल्या वर्षी विचारायचा राहिलेला प्रश्न त्यांनी आता विचारला. खाली मुळीपाशी तान्हुबाई बसली होती. तिने वर बघितले. जिने उत्तर द्यायला हवे होते ती दुसरीच कुणी होती, हे त्या दोघींनाही माहीत होते. बाई पायऱ्या उतरल्या आणि त्यांनी तिचा हात धरून तिला वर आणले. मग तान्हुबाईला मागच्या ओळीत टोकाला उभे केले. तीच ती जागा. खेळ पुन्हा सुरू झाला आणि तान्हुबाई सगळ्यांत उभी राहून, येईल तसा, बेताल खेळली.

त्या दोघी असेपर्यंत हे दरवर्षी झाले. बाई पुढे थकल्या, काठी आली, ऐकू कमी येऊ लागले. तरी त्या धावत. बारवेपाशी पोचेपर्यंत खेळ कधीच थांबून गेलेला असे, तान्हुबाई खालीच बसून वाट बघत राही, आणि बाई आल्याशिवाय वर येत नसे. शेवटच्या आजारपणात बाई दर थोड्या वेळाने उठून बसायच्या आणि विचारायच्या, "कुणी हाक मारली का?" उशाशी बसलेल्या कृष्णीला तोवर नातवंडे झाली होती. ती म्हणायची, "न्हाई बाई, समद्या हायती." तेवढे ऐकून बाई पुन्हा आडव्या व्हायच्या. कृष्णीचे हे एकच खोटे देवाने माफ केले असेल.

शाळा आता मोठी झाली आहे. वरचा मजला चढला, गाण्याचा वर्ग आला, कराटे आले, विज्ञानाचे प्रदर्शन भरते, नाटक बसते. नवीन आलेल्या शिक्षिका सुरुवातीला वैतागतात. गाण्यात सूर न लागणाऱ्या मुली का, नाटकात वाक्य विसरणाऱ्या का, असे त्यांना वाटते. कुणी काही समजावत नाही. जत्रा येते आणि त्या गप्प होतात. ऐन परीक्षेत एखादी मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, बाहेर कायतरी वाजतंय," तर पेपर बाजूला ठेवून बाई बाहेर जाऊन बघतात. बहुतेक वेळा शेळी असते. बघून येतात आणि मुलीला बस म्हणतात, रागवत नाहीत.

बारवेला आता दगडी कठडा आहे आणि पायऱ्या दरवर्षी घासल्या जातात. उंबराची मुळी मात्र कुणी तोडू दिलेली नाही. बारकी लेझीम वर्षभर तिथेच टांगलेली असते. चकत्या गंजल्या की लोहाराच्या घरचे कुणीतरी येऊन बदलून जाते, त्यांना सांगावे लागत नाही.

आणि आजही जत्रेच्या दिवशी शाळेतली सर्वांत लहान मुलगी त्या मुळीपाशी बसते. ताल नसलेली असली तर अधिक चांगले. पटांगणावर खेळ ऐन भरात आला की ती लेझीम वाजवू लागते. सगळ्या ताल मोडतात, सगळ्या धावतात, आणि पहिली पोचेल ती वाकून विचारते, "कोण गं? कोण हाक मारतंय?" खालून लहानगी म्हणते, "मी." मग तिला हाताला धरून वर आणतात आणि मागच्या ओळीत टोकाला उभी करतात. कठड्यावरच्या म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावतात. आजही मुली दरवर्षी वेळेवर पोचतात.